दाढ काढली आणि डॉक्टर म्हणाले, 'थोडं रक्त घेऊ': पीआरएफ म्हणजे नेमकं काय?

समजा, वाईच्या गंगापुरीत राहणाऱ्या एका काकूंची खालची अक्कलदाढ काढायची ठरली. दाढ आडवी, हाडात रुतलेली. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, भुलीचं इंजेक्शन कुठे देणार ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "काकू, दंडातून थोडं रक्त घेऊ. त्याचीच जाळी करून खड्ड्यात भरू. जखम लवकर भरेल. त्याचा चार्ज मात्र वेगळा."

काकूंच्या डोक्यात लगेच प्रश्नांची रांग. दाढेसाठी रक्त कशाला? काढलेलं रक्त परत तोंडात? हे खरंच उपयोगाचं आहे, की बिल वाढवायचा नवा प्रकार?

प्रसंग काल्पनिक आहे, पण प्रश्न खरे आहेत. हा उपचार आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. रील्समध्ये त्याचे व्हिडिओ फिरतात, त्यात फिरणारं मशीन आणि चिमट्यात धरलेला पिवळसर गोळा दिसतो. त्या गोळ्याचं नाव प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजेच पीआरएफ. तो कसा बनतो, कुठे कामाला येतो, कुठे येत नाही आणि हो म्हणण्याआधी काय विचारायचं, हे समजून घेऊया.

आधी दाढेच्या खड्ड्यात काय होतं ते पाहू

दात काढला की हाडात खड्डा उरतो. तो काही मिनिटांतच रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठतं. दात काढल्यावर डॉक्टर कापसाचा किंवा गॉजचा बोळा दाबून धरायला सांगतात तो याचसाठी. ही गुठळी जखमेचं झाकण असते. खालचं हाड आणि नसांची टोकं ती झाकून ठेवते आणि नवीन पेशींना आत शिरायला आधार देते.

पहिल्या आठवड्यात गुठळीच्या जागी मऊ, लालसर नवं मांस येऊ लागतं. वरची हिरडी मिटायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आत हाड भरायला मात्र काही महिने जातात.

ही गुठळी लवकर निघून गेली किंवा विरघळली, तर हाड उघडं पडतं. याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. दाढ काढल्यावर पहिला दिवस बरा जातो आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अचानक ठणका सुरू होतो. कळ कानापर्यंत जाते, तोंडाला वास येतो, साध्या गोळीने फरक पडत नाही. साध्या दात काढण्यात हे शंभरातल्या एक ते पाच जणांना होतं असं मानलं जातं. खालची अक्कलदाढ ऑपरेशन करून काढली, तर काही अभ्यासांत हे प्रमाण 30 टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलं आहे.

दुसरी अडचण हळूहळू कळते. दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षात जबड्याच्या कडेची रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे इम्प्लांट बसवायचं म्हटलं, की हाडच पुरत नाही.

म्हणजे सगळा खेळ त्या गुठळीचा. मग गुठळी आणखी मजबूत करता येईल का? पीआरएफचा जन्म याच प्रश्नातून झाला.

डेंग्यूमुळे ओळखीचा झालेला शब्द

प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो डेंग्यूमुळे. "प्लेटलेट किती आल्या?" हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रश्न. मराठी विश्वकोश जिथे घडला त्या वाईच्या वाचकांना मराठी शब्दही सांगायला हवा: प्लेटलेट म्हणजे बिंबाणू.

रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. प्रत्येकाचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. इटलीतल्या तुरिन शहरात ज्युलिओ बिझोझेरो यांनी 1882 मध्ये रक्त गोठण्यातलं त्यांचं काम उलगडून दाखवलं.

रक्तवाहिनी फाटली की बिंबाणू तिथे धावतात, एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. पण त्यांचं काम तिथे संपत नाही. त्यांच्या पोटात वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांच्या पिशव्या असतात. त्या फुटल्या की आसपासच्या पेशींना निरोप जातो: इथे या, वाढा, नव्या रक्तवाहिन्या तयार करा. या प्रथिनांना 'ग्रोथ फॅक्टर' म्हणतात.

दुसरा घटक फायब्रिन. हे धाग्यांसारखं प्रथिन असतं. त्याच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी घट्ट होते. बिंबाणू आणि फायब्रिन एका जागी, जास्त प्रमाणात मिळवले, तर जखमेला हवं ते जास्त मिळेल. पीआरएफमागचा विचार एवढाच आहे.

ही कल्पना आली कुठून?

रक्तातल्या फायब्रिनचा 'गोंद' म्हणून वापर 1970 च्या सुमारास व्हिएन्नामध्ये हेलेनं मात्रास यांनी केला. पुढे 1998 मध्ये अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठाचे रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 88 रुग्णांवरचा अभ्यास छापला. जबड्याचं हरवलेलं हाड भरायला त्यांनी कंबरेचं हाड वापरलं आणि काही रुग्णांत त्यात प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी मिसळलं. पीआरपी असलेल्या ठिकाणी हाड लवकर पक्व झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. या अभ्यासावर पुढे वादही झाले, पण दंतवैद्यकाचं लक्ष रक्ताकडे वळलं ते तेव्हापासून.

पीआरपीमध्ये एक किचकटपणा होता. रक्त गोठू नये म्हणून आधी नळीत औषध घालायचं, दोनदा फिरवायचं आणि मग गोठवण्यासाठी पुन्हा कॅल्शियम किंवा थ्रॉम्बिन मिसळायचं. हे थ्रॉम्बिन बरेचदा गाईच्या रक्तातून मिळवलेलं असे आणि त्याच्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन रक्तस्रावाचा त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत.

2001 मध्ये फ्रान्समधले डॉक्टर जोसेफ शुक्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपा मार्ग काढला. नळीत काहीच घालायचं नाही. रक्त काढायचं आणि लगेच फिरवायचं. फिरता फिरता ते आपोआप गोठतं. हेच पीआरएफ.

खुर्चीशेजारी ते बनतं कसं?

दूध डेअरीतला क्रीम सेपरेटर पाहिला असेल, तर अर्धं काम झालं. दूध जोरात फिरवलं की जड भाग एकीकडे आणि हलकी मलई दुसरीकडे जाते. रक्ताचंही तसंच.

1. दंडातल्या शिरेतून रक्त घेतात. एका नळीत सुमारे 10 मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे. गरजेप्रमाणे दोन ते चार नळ्या. रक्तदानात साधारण 350 मिली रक्त घेतात, त्या मानाने हे फारच कमी.

2. नळ्या लगेच सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये ठेवतात. मिनिट-दोन मिनिटांचा उशीरही महागात पडतो, कारण रक्त नळीतच गोठायला लागतं आणि नीट थर पडत नाहीत.

3. मूळ पद्धतीत मशीन मिनिटाला सुमारे 2700 फेऱ्यांनी 12 मिनिटं फिरवतात. पुढे कमी वेगाच्या पद्धती आल्या. खूप कमी वेगाने, तीनेक मिनिटंच फिरवलं, तर गोठण्याआधीचा द्रव मिळतो. त्याला इंजेक्टेबल पीआरएफ म्हणतात.

4. नळी बाहेर काढली की तीन थर दिसतात. तळाला लाल पेशी, वर पिवळसर पाण्यासारखा प्लाझ्मा आणि मध्ये जेलीसारखा गोळा. हा मधला गोळाच कामाचा.

5. गोळा चिमट्याने उचलतात, खालचा लाल भाग कापतात आणि छिद्रं असलेल्या स्टीलच्या डबीत हलकेच दाबतात. पनीर दाबून पाणी काढतात तसं. पातळ, लवचिक पडदा तयार होतो. तो खड्ड्यात ठेवतात किंवा हिरडीखाली पसरतात आणि वरून टाके घालतात.

सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पडदा वेगळा काढावा लागत नाही. दहा-बारा दिवसांत तो शरीरातच विरघळतो आणि तोवर ग्रोथ फॅक्टर हळूहळू सोडत राहतो.

कुठे कुठे वापरतात?

अक्कलदाढ काढल्यानंतरचा खड्डा हा सर्वांत ओळखीचा वापर. त्याशिवाय:

- पायोरियामुळे दाताच्या बाजूचं हाड खालं गेलं असेल, तर हिरडी उघडून साफ केल्यावर त्या पोकळीत.
- हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं असेल, तर ते झाकण्याच्या शस्त्रक्रियेत.
- इम्प्लांटसाठी हाड भरताना, हाडाच्या भुकटीत मिसळून. इंजेक्टेबल पीआरएफ मिसळलं की भुकटी चिकट होते, सांडत नाही. डॉक्टर याला 'स्टिकी बोन' म्हणतात.
- लहान वयात मार लागून नस मेलेल्या, मूळ अर्धवट वाढलेल्या दाताच्या उपचारात.

हाडाच्या भुकटीबद्दल एक गोष्ट आपल्याकडे अनेकांना माहीत नसते. बाजारात मिळणाऱ्या काही भुकट्या गाईच्या हाडापासून आणि काही पडदे डुकराच्या ऊतींपासून बनवलेले असतात. कोणाला श्रद्धेमुळे, कोणाला खाण्यापिण्याच्या नियमांमुळे हे चालत नाही. असं असेल तर आधीच विचारा, कृत्रिम पर्याय मिळतात. पीआरएफ स्वतःच्या रक्ताचं असल्याने तो प्रश्नच येत नाही.

पुरावा काय सांगतो?

इथे थोडं थांबून वाचा, कारण जाहिरात आणि विज्ञान यांची फारकत इथेच होते.

भारतात यावर बरंच काम झालं आहे. 2011 मध्ये बंगळूरच्या सरकारी दंत महाविद्यालयातल्या थोरात, प्रदीप आणि पल्लवी या संशोधकांनी पायोरियाच्या 32 रुग्णांवरचा अभ्यास छापला. निम्म्या रुग्णांत फक्त हिरडी उघडून साफसफाई केली, निम्म्यांत साफसफाईबरोबर पीआरएफही भरलं. नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हा पीआरएफच्या गटात पोकळीचा सुमारे 47 टक्के भाग हाडाने भरला होता. दुसऱ्या गटात तो आकडा सुमारे 29 टक्के होता. फरक लक्षणीय आहे. तरीही पीआरएफच्या गटातही अर्ध्याहून अधिक पोकळी रिकामीच राहिली, हेही लक्षात ठेवायला हवं.

अक्कलदाढेबाबत अनेक अभ्यासांचा एकत्रित कल असा दिसतो की पीआरएफने पहिल्या काही दिवसांतलं दुखणं आणि ड्राय सॉकेटचं प्रमाण कमी होतं. सुजेबद्दल निष्कर्ष वेगवेगळे आहेत. हाड लवकर किंवा जास्त भरतं का, यावर एकमत नाही.

हिरडी झाकण्याच्या शस्त्रक्रियेत टाळूखालची ऊती काढून लावण्याची पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची मानली जाते. पीआरएफचा फायदा हा, की टाळूवर दुसरी जखम होत नाही. सायनस लिफ्टमध्ये, म्हणजे वरच्या जबड्यात हाड वाढवताना, भुकटीत पीआरएफ मिसळल्याने हाड ठळकपणे वाढतं असं सिद्ध झालेलं नाही.

निष्कर्ष असे विखुरलेले का? बरेच अभ्यास लहान आहेत. प्रत्येकाचं मशीन वेगळं, नळ्या वेगळ्या, वेग आणि वेळ वेगळी. मिनिटाला किती फेऱ्या एवढं लिहून भागत नाही. मशीनचा व्यास बदलला की त्याच फेऱ्यांत रक्तावर पडणारा जोर बदलतो. एकाचं पीआरएफ आणि दुसऱ्याचं पीआरएफ ही एकच वस्तू असेल, याची खात्री नसते.

म्हणून 'जखम झटपट भरते', 'हाड पुन्हा उगवतं', 'स्टेम सेल उपचार' अशी पोस्ट दिसली की सावध व्हा. पीआरएफ हा स्टेम सेल उपचार नाही. चांगल्या शस्त्रक्रियेला तो मदत करतो. वाईट शस्त्रक्रिया तो सावरू शकत नाही.

स्वतःचंच रक्त, मग धोका कसला?

रक्त तुमचं असतं, पण सुई, नळी, डबी आणि हात दुसऱ्याचे असतात.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका स्पामध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' म्हणून रक्तातलं पीआरपी चेहऱ्यावर वापरलं जायचं. तिथल्या किमान तीन ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2024 मध्ये जाहीर केलं. स्पाकडे परवाना नव्हता आणि एकदा वापरून टाकायचं साहित्य पुन्हा वापरलं जात होतं. ही घटना दवाखान्यातली नाही, दातांशीही तिचा संबंध नाही. तिचा धडा मात्र इथेही लागू पडतो: रक्त काढलं जातं तिथे स्वच्छतेत तडजोड चालत नाही.

सुई आणि नळी तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढली पाहिजे. एका वेळी दोन रुग्णांचं रक्त फिरत असेल, तर नळीवर नाव हवं. नळ्या वैद्यकीय वापराच्या हव्यात. लॅबमध्ये तपासणीसाठी वापरतात त्या प्रत्येक नळीतलं रक्त परत शरीरात ठेवण्यासाठी योग्य असतंच असं नाही. नळीच्या आतल्या लेपाचे कण पीआरएफमध्ये उतरण्याबद्दल संशोधकांनी चिंता व्यक्त केली आहे. रक्ताने भरलेला कचरा 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांत आणि डब्यांत गेला पाहिजे.

कोणी जास्त काळजी घ्यावी?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर: दात काढायचा म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांशी आणि दंतवैद्याशी बोलून ठरवा. खड्ड्यातला रक्तस्राव थांबवायला पीआरएफची मदत झाल्याचे काही अभ्यास आहेत, पण अशा रुग्णांचं रक्त नळीत उशिरा गोठतं आणि गोळा नीट बनेलच असं नाही.

मधुमेह असेल तर: साखर आटोक्यात नसेल, तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. एचबीए1सीचा रिपोर्ट सोबत न्या. आधी साखर, मग दाढ.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध घेत असाल तर: आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन, दोन्ही सांगा. अशा काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड कुजण्याचा दुर्मीळ पण गंभीर त्रास होऊ शकतो. कॅन्सरसाठी जास्त मात्रेत हे औषध घेणाऱ्यांना धोका अधिक असतो.

नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर: प्लेटलेट पूर्ववत झाल्याची तपासणी करूनच दात काढायला जा.

तंबाखू आणि मिसरी: 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात आणि त्यातले बहुतेक न ओढता, तोंडात ठेवून वापरतात. घरातल्या मोठ्या बायकांची सकाळची मिसरी याच हिशोबात येते. "आम्ही कुठे तंबाखू खातो, दात तर घासतो," असं त्या म्हणतात खरं, पण मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिनमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आक्रसतो. पीआरएफचे पैसे भरून दुसऱ्या दिवशी मिसरी लावणं म्हणजे एका हाताने बांधायचं आणि दुसऱ्याने सोडायचं.

हो म्हणण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

1. माझ्या केसमध्ये पीआरएफने नेमका काय फायदा होईल? दुखणं कमी होईल, की हाड भरेल?
2. ते न वापरता काम होईल का? काय फरक पडेल?
3. खर्च किती आणि तो बिलात वेगळा दाखवाल का?
4. रक्त कोण काढणार?
5. शस्त्रक्रिया कोण करणार? तालुक्याच्या गावात ओरल सर्जन किंवा हिरड्यांचे तज्ज्ञ बऱ्याचदा ठरावीक वारीच येतात. नंतर त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरवून घ्या.
6. भुकटी वापरणार असाल, तर ती कशाची आहे?

डॉक्टर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे पाहण्यात संकोच नको. दुसरं मत हवं असेल, तर वाईकरांना कराड आणि सांगलीची दंत महाविद्यालयं आणि त्यांची रुग्णालयं गाठता येतात. कराडला कृष्णा विद्यापीठाचं, सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि सांगलीजवळ कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून ओपीडीची वेळ आणि तज्ज्ञांचा दिवस विचारून घ्या.

आणि घरी आल्यावर

पीआरएफ भरलं असो वा नसो, पहिला दिवस गुठळी सांभाळण्याचा. बोळा डॉक्टर सांगतील तेवढा वेळ, साधारण अर्धा ते पाऊण तास दाबून धरा. चोवीस तास जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. मऊ आणि थंडसर खा: दहीभात, गार केलेली खिचडी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार चूळ भरा.

वाई-साताऱ्याकडे हळदीचं पीक मोठं, आणि कापलं-खरचटलं की हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. पण दाढेच्या उघड्या खड्ड्यात हळद, लवंग किंवा तुरटी भरू नका. कण आत अडकतात आणि ज्या गुठळीसाठी एवढा खटाटोप केला तीच निघून जाते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढला, ताप आला, तोंड उघडेना किंवा रक्त थांबेना, तर गोळ्या बदलत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा.

मग काकूंनी काय करावं?

आडवी, हाडात रुतलेली खालची अक्कलदाढ असेल, तर ड्राय सॉकेटचा धोका जास्त. इथे पीआरएफ घेण्याला अर्थ आहे आणि खर्च झेपत असेल तर हो म्हणायला हरकत नाही. हलणारा, सहज निघणारा पुढचा दात असता, तर त्याची गरज बहुधा पडली नसती.

आणि खर्च झेपत नसेल, तर अपराधी वाटून घेऊ नका. निरोगी माणसाच्या दाढेचा खड्डा पीआरएफशिवायही भरतो. त्यासाठी लागणारं सामान शरीर स्वतःच पुरवतं. आपण पहिले काही दिवस ती गुठळी हलू द्यायची नाही आणि मिसरीची डबी लांब ठेवायची.